जिवाणूंची मजुरी आणि सफाईचे कंत्राट

नगरपालिकांच्या सभागृहांत अलीकडे एक प्रयोग वारंवार पाहावयास मिळतो. टेबलावर काचेच्या दोन बरण्या मांडलेल्या असतात. एकीत गावच्या नाल्याचे काळे, उग्र वासाचे पाणी. दुसरीत तेच पाणी, परंतु चार दिवसांपूर्वी चिमूटभर भुकटी टाकलेले आणि आता बऱ्यापैकी निवळलेले. भुकटीत जिवाणू आहेत, ते घाण खातात, यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, जागा लागत नाही, असे कंपनीचा प्रतिनिधी सांगतो. सदस्य बरणी नाकाशी नेतात, माना डोलावतात आणि विषय मंजुरीसाठी पुढे सरकतो. विदर्भातील अशाच एका सभागृहात प्रेक्षक म्हणून बसण्याचा योग मला आला. बाहेर पडताना व्हरांड्यात उभ्या असलेल्या एका वयस्क सफाई कामगाराने मला विचारले, "सर, त्या बरणीत रोज नवी घाण कुठं पडते जी?"

चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकविल्यानंतरही यापेक्षा नेमका प्रश्न मला सुचला नसता. बरणीतले पाणी स्थिर असते. नाल्याचे वाहते असते. बरणीत जिवाणूंना चार दिवस सवड मिळते. नाल्यात टाकलेली भुकटी काही तासांत गावाच्या शिवेबाहेर जाते. शिवाय बरणीत घाण एकदाच पडलेली असते. नाल्यात ती सकाळी पडते, दुपारी पडते, रात्री पडते आणि उद्याही पडणार असते.

या लेखाचा हेतू जिवाणूंची निंदा करण्याचा नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पुरोगामी चळवळीत दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. एक, विज्ञानाचे नाव निघाले की हात जोडणारी. दुसरी, कंपनीचे नाव निघाले की विज्ञानच नाकारणारी. या प्रश्नात दोन्ही घातक आहेत. सांडपाण्याची शुद्धी हे आजही जगभर मुख्यतः जिवाणूंचेच काम आहे. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा खेळवून त्यातील जिवाणूंचा गाळ पुनःपुन्हा वापरण्याची पद्धत मांडली, आणि मोठ्या शहरांतील असंख्य शुद्धीकरण केंद्रे अद्याप त्याच तत्त्वावर चालतात. म्हणजे जिवाणूंकडून काम करून घेण्याची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. नवे आहे ते एवढेच की, हवेचा, जागेचा आणि काळाचा खर्च वगळून केवळ जिवाणू विकता येतात, हा व्यापारी शोध.

अर्थशास्त्राचा पहिला धडा टंचाईचा असतो. नाल्यात टंचाई कशाची आहे? जिवाणूंची खचितच नाही; सांडपाण्याच्या एका थेंबात ते लक्षावधींनी असतात. टंचाई आहे प्राणवायूची. आपल्या हवामानात एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. घरगुती सांडपाण्यातील घाण जिवाणूंनी पूर्णपणे खायची तर त्याच एका लिटरला सामान्यतः दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लागतो. ही तूट भुकटीने भरून निघत नाही. ती हवा खेळवून, पाणी उथळ पसरवून, दगडगोट्यांवरून वाहवून किंवा पाणवनस्पतींच्या मुळांतून झिरपवून भरावी लागते. यंत्राने हवा द्यावयाची तर विजेचे बिल येते आणि शुद्धीकरण केंद्राच्या वीजखर्चाचा मोठा वाटा याच कामावर जातो. निसर्गाकडून घ्यावयाची तर जमीन लागते. तिसरा मार्ग नाही. ज्या कारखान्यात मजूर भरपूर आहेत पण कच्चा माल नाही, तेथे आणखी मजूर भरती केल्याने उत्पादन वाढत नाही, हे आपल्या कोणत्याही कामगार कार्यकर्त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

हाच धडा समुद्रावर सांडलेल्या तेलाने जगाला दिला. बंगालमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करणारे आनंदमोहन चक्रबर्ती यांनी खनिज तेलातील अनेक घटक एकाच वेळी पचवू शकेल असा 'स्यूडोमोनास' जातीचा जिवाणू तयार केला. १९७२ साली त्याच्या एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज झाला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने माणसाने घडविलेला सजीव एकस्वास पात्र ठरविला. या निकालाने जीवतंत्रज्ञानाच्या उद्योगाला भांडवलाचे दरवाजे उघडून दिले. प्रत्यक्ष सांडलेल्या तेलावर मात्र तो जिवाणू कधीच सोडला गेला नाही. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन व्हाल्डेझ' या जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर फवारले ते खत होते. तेल खाणारे जिवाणू तेथील वाळूत आधीपासूनच होते. त्यांना उणीव होती नत्राची आणि स्फुरदाची. ती पुरविताच त्यांचा वेग वाढला. तरीही कित्येक वर्षांनंतर किनाऱ्याच्या थरांखाली, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, तेल सापडत राहिले.

आपल्या किनाऱ्यावरील उदाहरणही ध्यानात घेण्यासारखे आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल समुद्रात गेले. खारफुटी काळवंडली, मासेमारी थांबली. किनाऱ्यावर साचलेल्या तेलाच्या सफाईत दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेने विकसित केलेले 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचे मिश्रण वापरण्यात आले. हे भारतीय संशोधन आहे, तेलाने माखलेल्या मातीवर ते उपयोगी पडलेले आहे आणि त्याचे श्रेय शास्त्रज्ञांना दिलेच पाहिजे. येथेही ते वाहत्या पाण्यात ओतून दिलेले नाही. तेलकट माती एका जागी ठेवून, ओलावा राखून, उलथापालथ करून जिवाणूंना महिनोन्महिने अवधी दिला की ते फळ देते. या तंत्राच्या व्यावसायिक वापरासाठी २००७ साली निघालेल्या कंपनीत भागीदार आहे तेल व नैसर्गिक वायू महामंडळ. तेल काढणाऱ्या संस्थेनेच तेलाने माखलेली माती धुण्याची जबाबदारी आणि खर्च अंगावर घेतला तर त्यात वावगे काही नाही. उलट न्याय तोच आहे. नगरपालिकांच्या नाल्यांत हा न्याय उलटा होतो. घाण एकाची, सफाईचे बिल दुसऱ्याचे आणि नफा तिसऱ्याचा.

महाराष्ट्रात या विषयाची एक दुसरीही परंपरा आहे आणि तिचा आपल्यालाच विसर पडावा ही खेदाची गोष्ट आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतील वायू गोळा करून तो दिव्यांसाठी वापरण्यात आला होता. समाजाने गावाबाहेर काढलेल्या माणसांच्या मैल्यातून जिवाणूंनी उजेड निर्माण केला, ही घटना आमच्या पाठ्यपुस्तकांत का नसावी? पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचा प्रश्न हाती घेतला. भंगीमुक्ती हा त्यांच्या दृष्टीने दयेचा किंवा शुचितेचा विषय नव्हता, मनुष्याच्या मानेवरचे जोखड काढण्याचा होता. माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहू नये, तो जागच्या जागी कुजावा, त्याचे खत आणि वायू व्हावा, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. देहू येथे सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी तोच धागा पुढे नेला. संडासाला जोडलेल्या त्यांच्या 'मलप्रभा' वायुसंयंत्राने हे काम गावपातळीवर करून दाखविले. २०१५ साली ते वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. यांच्यापैकी कोणीही जिवाणू विकले नाहीत. शेणात आणि मैल्यात असलेल्याच जिवाणूंना बंद टाकी, योग्य पाणी आणि पुरेसे दिवस मिळवून दिले, एवढेच. पण त्या 'एवढेच'मध्ये बांधकाम होते, देखभाल होती, गावाला पटविणे होते आणि जातीच्या प्रश्नाला भिडणेही होते. भुकटीच्या निविदेत यातील एकही बाब सापडत नाही.

मग नगरपालिका भुकटीकडे का वळतात? केवळ भ्रष्टाचार हे उत्तर सोपे आहे, म्हणून अपुरे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सर्व सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची मुदत ३१ मार्च २०२० अशी ठरविली. तोवर केंद्रे उभी राहणे शक्य नव्हते, म्हणून निदान नाल्यातल्या नाल्यात जैविक वा अन्य उपचार तरी सुरू करा, न केल्यास दर नाल्यामागे दरमहा पाच लाख रुपये भरा, असा आदेश झाला. आदेशाचा हेतू चांगला होता. परंतु दंडाची रक्कम आणि उपायाची किंमत शेजारी शेजारी ठेवली की हिशेबनीस काय करील, हे सांगावयास लवादाची गरज नाही. मलवाहिन्या टाकायला पैसा नाही, केंद्राला जागा नाही, अभियंत्यांची पदे रिक्त आहेत. अशा नगरपरिषदेला भुकटीचे पिंप म्हणजे दंड टाळणारी पावती वाटते. उपाय झाला की नाही हे नाल्याच्या पाण्यावरून न ठरता बिलावरून ठरू लागते. रोगापेक्षा पथ्याचा दाखला महत्त्वाचा ठरावा, तसा हा प्रकार आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१ चे आकडे पाहावेत. देशातील नागरी भागांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे जवळपास २८ टक्क्यांवर. उभारलेली क्षमतादेखील पूर्ण वापरली जात नाही. याचा अर्थ पैसा बांधकामात जातो आणि चालविण्यासाठी उरत नाही. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव कोरता येते. दरमहा भरलेल्या वीजबिलावर कोणाचे नाव कोरावयाचे? भांडवली खर्चाला अनुदान आणि महसुली खर्चाला ठेंगा, हे आपल्या सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे जुने दुखणे या नाल्यांत उघडे पडते.

खासगी उत्पादकाला न भरावा लागणारा, समाजाच्या अंगावर ढकलला जाणारा खर्च हा अपवाद नसून खासगी उद्योगाच्या हिशेबपद्धतीचाच भाग आहे, असे के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाची कथा त्याची साक्ष देते. रंगउद्योगाला लागणारे 'एच ॲसिड' बनविणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने तेथील विहिरींचे पाणी तांबडे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'प्रदूषण करणारा भरपाई करील' हे तत्त्व लावून कंपन्यांना जबाबदार धरले. जमीन व पाणी पूर्ववत करण्याचा खर्च नागपूरच्या 'नीरी'च्या अहवालाच्या आधारे ३७.३८५ कोटी रुपये धरला गेला. कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज केले. २०११ साली न्यायालयाला पुन्हा चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. पंधरा वर्षे विहिरींचे पाणी कोणाच्या हिशेबात होते? जिवाणू घाण पचवितात, पण ते नुकसानभरपाईचा दावा लावीत नाहीत, म्हणून ते उद्योगपतींना फार प्रिय असतात, असा एक कडवट विनोद मी वर्गात करीत असे.

येथे जिवाणूंच्या मर्यादेचीही नोंद घेतली पाहिजे. तेल, मैला, साखर कारखान्याची मळी, अनेक कीटकनाशके हे कार्बनी पदार्थ जिवाणू मोडू शकतात. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्ये ते मोडू शकत नाहीत. मूलद्रव्य नाहीसे होत नसते. फार तर त्याचे रूप बदलते किंवा ते एका जागी अडकते. अडकलेले विष पुढे कोणी व कोठे सांभाळावयाचे, हा प्रश्न शिल्लकच राहतो. धातू खाणारे जिवाणू अशी जाहिरात दिसली की कार्यकर्त्यांनी एवढाच प्रश्न विचारावा: खाल्ल्यावर धातू गेला कोठे?

तरीही नापीक भूमी सावरता येते, हे 'नीरी'च्याच कामातून दिसते. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीतून निघालेल्या मातीदगडांच्या उघड्या ढिगाऱ्यांवर या संस्थेने साखर कारखान्यातील मळीसारखे सेंद्रिय टाकाऊ पदार्थ, नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांच्या साहाय्याने झाडे उभी केली. जेथे गवताची काडी उगवत नव्हती, तेथे सावली आली. हे काम एका हंगामाचे नव्हते, वर्षानुवर्षांचे होते. आणि ते सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रयोगशाळेने केले.

आमच्या मंगरूळपीरच्या शेतकऱ्याला खरे म्हणजे या विषयाची तोंडओळख करून द्यावी लागत नाही. सोयाबीन पेरण्यापूर्वी बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून रायझोबियमचे पाकीट चोळणारा शेतकरी जिवाणूंकडून नत्राची मजुरी करून घेतच असतो. ते पाकीट कोरड्या, सेंद्रिय कर्ब हरवलेल्या जमिनीत पुरेसे काम करीत नाही, हेही त्याला अनुभवाने ठाऊक आहे. कीटकनाशकांचेही तसेच. फिलिपाईन्समधील भातखाचरांच्या मातीत फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मोडणारा जिवाणू सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह शोधला आणि १९७३ साली ते काम प्रसिद्ध झाले. म्हणजे विष पचविण्याची शक्ती मातीत आहे. तिला शेणखत, ओलावा आणि विश्रांती हवी. पण २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मातीत जिवाणू कमी होते म्हणून नव्हे. अंगावर संरक्षण नव्हते, विक्रेत्याखेरीज सल्लागार नव्हता आणि मजुराच्या फुप्फुसाची किंमत कोणत्याही खातेवहीत लिहिलेली नव्हती. विष जमिनीत गेल्यावर कोण पचवील, याची चर्चा जितक्या उत्साहाने होते तितक्या उत्साहाने ते वापरात का आले, याची होत नाही.

मालकीचा प्रश्नही अटळ आहे. भारतात २००२ च्या दुरुस्तीनंतर वनस्पती आणि प्राणी एकस्वाच्या बाहेर राहिले, परंतु सूक्ष्मजीवांसाठी दार उघडले गेले. त्याच वर्षी जैवविविधता कायदा झाला आणि त्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकांची नोंदवही तयार करावयाची आहे. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी हे सूक्ष्मजीवांचे दुर्मीळ भांडार आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले आणि सारा देश ते पाहावयास धावला. असल्या पाण्यातून उद्या एखादा उपयुक्त जिवाणू निघाला आणि त्यावर कोणी हक्क सांगितला, तर लोणारच्या माणसाच्या वाट्याला काय येईल? नोंदवह्या पुष्कळ ठिकाणी सल्लागारांकडून उरकून घेतल्या जातात, आणि २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातील फौजदारी शिक्षा काढून केवळ दंड ठेवला आहे. जिवाणू सर्वांच्या मातीतले, मालकी एकाची. हे आपण जंगल आणि पाण्याच्या बाबतीत पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय? आपल्या आकाराच्या बहुतेक गावांत मलवाहिन्या नाहीत. घरोघर सेप्टिक टाक्या आहेत. टाकी म्हणजे घराच्या पोटातला जिवाणूंचा कारखानाच. पण तो दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर गाळ भरून बंद पडतो आणि मैला जसाच्या तसा गटारात येतो. मग गटार आणि टाकी साफ करण्यासाठी माणूस आत उतरविला जातो, २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही. सिन्नर आणि वाई या नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक टाकी उपसण्याची योजना हाती घेतली, गाळावर प्रक्रिया करण्याचे केंद्र उभारले आणि खर्चाचा भार स्थानिक करातून उचलण्याची वाट काढली. टाकी भरल्यावर ज्याच्याजवळ पैसे असतील त्याने गाडी बोलवावी, ही बाजाराची पद्धत बाजूस सारून पाण्यासारखीच ही सेवाही सर्वांना क्रमाने मिळावी, हे त्यामागचे सूत्र आहे. मला त्यात समाजवादी नगरव्यवस्थेचे बीज दिसते. नाव काही द्या. गाळ उपसला गेला तर नाल्यावरचा भार तेथेच कमी होतो आणि उरलेल्या पाण्याला वनस्पती व दगडांच्या उथळ वाफ्यांतून नेता येते. त्यासाठी जागा लागते. ती नगरपरिषदेच्या मालकीची जमीन व्यापारी गाळ्यांना देण्याआधी राखून ठेवावी लागेल, आणि खरी लढाई तेथेच आहे.

भुकटीचा विषय एखाद्या सभेत आलाच तर त्याला सरसकट विरोध करू नये. थांबलेल्या तळ्यात, हवा खेळविण्याच्या सोयीसह, ती कदाचित उपयोगीही पडेल. मात्र करारात बिल पिंपांच्या संख्येवर निघणार की पाण्याच्या तपासणीवर, हे पाहावे. नमुना कोण घेणार, कोणत्या महिन्यात, नाल्याच्या कोणत्या पुलाखाली, आणि त्याचा निष्कर्ष नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लागणार की नाही, हे लेखी मागावे. पावसाळ्यातला नमुना मान्य करू नये. जुलैत पैनगंगेच्या खोऱ्यातला कोणताही नाला आपोआपच स्वच्छ दिसतो. नमुना मे महिन्यातला हवा, भर दुपारचा. आणि तो घेताना ज्यांनी आयुष्यभर तो नाला उपसला आहे, त्या सफाई कामगारांपैकी दोघांना साक्षीदार म्हणून उभे करावे आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात.